रुखवत कुणी केलं

राजीनाम्याचा अर्ज दिला तेव्हा माझ्या हातात पुढच्या महिन्याचं एकच काम होतं, एका लग्नाचं रुखवत. त्यानंतरची कामं येतील असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. ते दिवस आठवले की अजूनही मी बसल्या जागेवरून उठते आणि घरात उगाच एक चक्कर मारते.

मी खराडीच्या एका कंपनीत पगार विभागात होते. दुसऱ्या देशातल्या माणसांचे पगार आमच्या संगणकांवर तयार व्हायचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून बी.कॉम. करून मी पुण्यात आले होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. "पोरगी पुन्याच्या कंपनीत हाय," हे ते चहाच्या टपरीवर सांगायचे, दवाखान्याच्या रांगेत सांगायचे, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. मला शिकवताना त्यांनी काय काय बाजूला ठेवलं ते मी पाहिलं आहे. त्यामुळे नोकरीला मी नावं ठेवणार नाही. वाघोलीत तिघींत मिळून एक खोली, सकाळी दारात कंपनीची बस, दुपारी कॅन्टीनमध्ये गरम पोळी. आईला एवढं सुख कधी मिळालं नव्हतं.

पण माझे हात स्वस्थ बसत नसत. आई गावातल्या लग्नांसाठी सुपारीच्या बाहुल्या करायची. सुपारीचं डोकं, काडीचे हात, चिंधीचं लुगडं. सनईवाला, ताशेवाला, अक्षतांचं ताट धरलेली करवली. तिच्याजवळ बसून मी ते सगळं उचललं होतं. पुढे कंपनीतल्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि ती जेवताना म्हणाली, "आई शाळेत, मी इथे, मावशी बँकेत. रुखवतात ठेवायचं काय? सासरचे लोक रिकामं टेबल बघणार." मी म्हटलं, मी करते. दोन शनिवार-रविवारांत अकरा नग केले. नारळांचे नवरा-नवरी, डाळी-तांदळाचं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांचं वाजंत्री पथक. लोकांनी वाकून वाकून पाहिलं. त्यानंतर आणखी तीन कामं मिळाली. पण ती तिन्ही त्या मैत्रिणीच्या नात्यातलीच. तिथून पुढे काही सरकेना.

कारण कळायला मला वेळ लागला. रुखवत हे मुलीकडच्या बायकांनी घरी करायचं असतं. मुलगी किती हौशी आहे, तिच्या हाताला कसं वळण आहे, ते सासरच्यांना टेबलावरूनच कळावं, अशी ती रीत. आता कुणाला वेळ उरला नव्हता, पण रीत होती तशीच होती. म्हणून प्रत्येक वधूमाय वस्तू ताब्यात घेताना मला हळूच सांगायची, "आमच्या घरीच केलंय म्हणून सांगणार आहोत हं." मी मान हलवायची. शे-दोनशे बायका माझं काम पाहून जायच्या आणि कौतुक मुलीचं करायच्या. मला विचारायला कुणी येणार कसं?

बी.कॉम.ला मार्केटिंग शिकवणारे आमचे सर वर्गात सांगायचे की मालानं स्वतःच विकणाऱ्याचं नाव सांगितलं पाहिजे. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली होती. पहिल्या पिढीत शिकलेली मुलं वहीत लिहिलेल्यावर फार विश्वास ठेवतात.

मग कसबा पेठेतल्या एका घराचं मोठं काम आलं. वधूची आई निवृत्त शिक्षिका. अर्ध्या पेठेच्या मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांच्या घरी येणं-जाणं एवढं की दाराची कडी लागायचीच नाही. मी हिशेब असा केला की या एका लग्नात काम दिसलं तर सगळी लग्नसराई मिळेल. एकवीस नग रात्री जागून झाले असते, पण पुढच्या कामांना रविवार पुरणार नव्हते. मी एक महिन्याच्या नोटिशीवर राजीनामा दिला आणि घरी कळवलं नाही.

बाई मला मापासाठी, रंगांसाठी बोलवायच्या आणि प्रत्येक वेळी जेवायला बसवायच्या. "अगं, वाघोलीला जाऊन कधी स्वयंपाक करणार तू? वाढते, बस." पुण्यात कुणी मला असं ताटावर बसवलं नव्हतं. त्यांची मुलगी संगणकाच्या कंपनीत. तिला रुखवतात तिचं ऑफिस हवं होतं. मी काडेपेट्यांचे संगणक केले, सुपाऱ्यांची माणसं खुर्च्यांवर बसवली, एकाच्या कानाला काळ्या दोऱ्याचा हेडफोन लावला. ते करताना मी एकटीच हसत होते. तसं काम मी आधी कधी केलं नव्हतं.

छपाईवाल्याकडून दोनशे कार्डं आणली होती. माझं नाव, खाली 'कलात्मक रुखवत', खाली मोबाइल नंबर. लग्नाच्या सकाळी कार्यालयात टेबल मांडताना मी दहा-बारा नगांच्या तळाशी एकेक कार्ड चिकटवलं. वरून दिसणार नाही, उचललं तरच दिसेल. बाईंचा शब्दही राहील आणि माझं कामही होईल, असं मला खरंच वाटलं होतं. एवढं साधं मला सुचलं नाही की लग्नात रुखवत लोक उचलूनच बघतात.

जेवणाआधी वरपक्षाच्या बायका टेबलापाशी आल्या. बाई आनंदानं सांगत होत्या, "तीन महिने खपत होतो आम्ही दोघी. ऑफिसातून आली की हिचं हेच." नवऱ्या मुलाच्या आत्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. आधी सुपाऱ्यांचं ऑफिस पाहिलं. "यातला मॅनेजर कुठला? हा हात बांधून बसलाय तो?" सगळ्या हसल्या. मीही टेबलाच्या कडेला उभी राहून हसले. मग आत्यांनी ते ऑफिस अलगद उचललं, तिरकं केलं आणि खालचं कार्ड मोठ्यानं वाचलं. नावासकट, नंबरासकट.

"अहो," त्या बाईंना म्हणाल्या, "मुलीचं नाव लग्नानंतर बदलायचं असतं ना? तुमच्याकडे आधीच बदललेलं दिसतंय. मोबाइल नंबरसुद्धा नवीन घेतलाय का?"

कुणीतरी खोकलं. एका बाईनं नारळ उलटा केला, दुसरीनं तुळशीवृंदावन. बाईंचा चेहरा मी पाहिला आणि मला तिथून पळावंसं वाटलं.

थोड्या वेळानं त्यांनी मला वधूपक्षाच्या खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. "तुला मी घरची म्हणून इथं उभी केली. माझ्या ताटावर जेवलीस तू. आणि माझ्या मुलीच्या लग्नात दुकान मांडलंस?"

माझ्याकडे उत्तर होतं, वहीतलं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

बाहेर पडताना नवरी मुलगी जिन्यात भेटली. साडी सावरत म्हणाली, "आई चिडलीय, माहितेय मला. पण खरं सांगू? मला त्यातलं एक तरी स्वतः करायचं होतं. दर आठवड्याला ठरवायचे, आज रविवार आहे, आज करू. जमलंच नाही." आणि तिला कुणीतरी फोटोसाठी ओढून नेलं.

त्यानंतर बारा दिवस फोन वाजला नाही. वाजला तर बँकेच्या कर्जाचा, नाहीतर मैत्रिणीचा. मी फोन उशाशी ठेवायची, जेवताना ताटाशेजारी ठेवायची, कंपनीत मांडीवर. बसमध्ये रेंज जाते म्हणून उभी राहून खिडकीजवळ धरायची. मंडईत नारळ घ्यायला गेले आणि नारळवाल्यानं "किती देऊ?" विचारलं तेव्हा हातातला नारळ खाली ठेवला. काम नसताना नारळ कशाला? तशीच मंडईला दोन फेऱ्या मारून परत आले. एका घरात चुकलं की दहा घरांत कळतं, अशी ती पेठ. मी स्वतःच्या हातानं ती दारं लावून घेतली होती.

आमचा टीम लीडर भला माणूस होता. तो म्हणाला, "राजीनामा मागे घ्यायचा असेल तर शुक्रवारी सहापर्यंत सांग. सोमवारी नवीन मुलगी जॉइन होतेय, मग माझ्या हातात काही नाही." मी म्हटलं, सांगते. मनातून मी कधीच मागे घेतला होता. फक्त तोंडानं म्हणायचं राहिलं होतं.

बुधवारी फोन आला. आवाज ओळखीचा वाटला. त्याच आत्या.

"कलात्मक रुखवत का? माझ्या मुलीचं लग्न आहे माघात. तुमचं ते ऑफिस बरं होतं. तसलं काहीतरी हवंय. पण कार्डबिर्ड चालणार नाही. आमच्याकडची माणसंही वस्तू उचलून बघतात."

'हो' माझ्या ओठांवरच होतं. पण जिन्यातली ती नवरी मुलगी डोळ्यांपुढे आली, आणि बाईंचा चेहरा आला. पुन्हा कुणाला तरी खोटं बोलायला लावायचं आणि मी टेबलाच्या कडेला उभं राहायचं, हे मला नको होतं. मी घाबरत घाबरत म्हटलं, "कार्ड लावणार नाही. पण तयार वस्तूही देणार नाही. सांगाडे मी करून आणते. रंग, डोळे, कपडे तुमच्या मुलीनं माझ्याबरोबर बसून करायचे. मग घरी केलंय म्हणालात तरी ते खरं असेल."

आत्या म्हणाल्या, "म्हणजे पैसे आम्ही द्यायचे आणि कामही आम्हीच करायचं?"

"हो."

"धाडस आहे. पुण्यात किती वर्षं झाली तुम्हाला?"

"तीन."

"दिसतंय. अजून काही अट?"

"कुणी शिकवलं असं कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं."

"विचारलं तर. आपणहून सांगणार नाही." मग म्हणाल्या, "शुक्रवारी मुलीला सुट्टी असते. दुपारी या. एक नग करून दाखवा, मग बघू."

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पिशवीत सुपाऱ्या, काड्या, डिंक, जरीचे तुकडे. आत्यांचं घरही पेठेतच होतं. बोळातून जाताना मी बाईंच्या घरासमोरचा रस्ता टाळून लांबून गेले.

मुलगी माझ्याच वयाची होती. पहिला अर्धा तास तिचा फोनच चालू होता. "हो, फाइल पाठवलीय, बघ ना." तोंडानं फोन आणि हातात सनईवाल्याची सुपारी. आत्या झोपाळ्यावरून बघत होत्या. तिनं पहिला डोळा काढला तो सरळ कपाळात गेला.

"हा कोण? तुझा होणारा सासरा का?" आत्या म्हणाल्या.

मुलगी फोन ठेवून हसायला लागली. मी सुपारी पुसायला घेतली तर तिनं ती हिसकावली. "राहू दे. मी करते." मग ती खरंच बसली. जीभ दातात धरून, लहान मुलीसारखी. दुसरा डोळा खाली उतरला. सनईवाल्याला काहीतरी आश्चर्य वाटल्यासारखं दिसायला लागलं. मला तो पुन्हा करावासा वाटत होता, हात शिवशिवत होते. माझ्या आईनं असा नग टेबलावर जाऊ दिला नसता.

आत्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "तुमचे फार नीटनेटके होते. म्हणून तर उचलून बघितलं मी. हा वाकडा आहे, हा घरचा वाटतो." आणि मुलीला म्हणाल्या, "आणखी कर."

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजले होते. माझी पर्स खोलीच्या दुसऱ्या टोकाला, फोन त्यात. मी मनाशी म्हणत होते, आता उठायचं, बाहेर जाऊन टीम लीडरला एक फोन करायचा. एवढ्या एका होकारावर घर चालत नाही. ही मुलगी पुढच्या शुक्रवारी बसेलच कशावरून? आत्या मागे फिरल्या तर? पावणेसहा वाजले. मुलीनं विचारलं, "पगडी कशी बसवायची? सारखी घसरतेय." माझ्या दोन्ही बोटांना डिंक होता. मी तिला पगडीची जरी आधी ओली करायला सांगितलं, मग कड दुमडून दाखवली. तिनं दुमडली, सुटली, पुन्हा दुमडली. घड्याळाकडे मी बघत होते. सहा वाजताना बघितलं. सहा वाजून पाच मिनिटांनी बघितलं. उठले नाही.

हे मी ठरवून केलं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी ठरवलं नव्हतं. पगडी बसेपर्यंत थांबले, एवढंच.

निघताना आत्या म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी या. शेजारच्यांच्या सुनेलाही बसायचंय, चालेल ना? तिचं लग्न झालंय, पण हौस आहे." मी चालेल म्हटलं. रुखवत करायला लग्न ठरलेलं असावं लागतं असं तोवर मला वाटत होतं. जिना उतरताना डोक्यात वीस गोष्टी एकदम सुरू झाल्या. सांगाड्यांचे संच करायचे का, किती जणींना एका वेळी बसवायचं, खोली कुठली घ्यायची, भाडं कुठून आणायचं. आनंद होता की भीती, ते मला वेगळं काढता येत नव्हतं.

बसथांब्यावरून घरी फोन लावला. वडिलांनी उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. अर्ज, रुखवत, कार्ड, शुक्रवार. त्यांच्या मागे टीव्हीचा आवाज येत होता, तोही कुणीतरी बंद केला.

"म्हंजे सोमवारपासून कंपनीत जानार नाई तू?"

"नाही, बाबा."

"जेवनाखान्याचं होईन?"

"होईल. दोन-तीन महिने ओढाताण होईल."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, मी दुसरा कान हातानं दाबून धरला.

"मंग लोकायले काय सांगू मी?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

"थांबा बाबा, बस आली," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बस आली नव्हती.