करडगीखालची खळी

सोलापुरात आमच्या घरी दिवाळीला सासूबाईंच्या अंगाला तेल लावायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. मान कसला! पाल दिसली की पाटावर चढणारी मी. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो; त्यांनी हाक मारली की मी आधी पदर सावरायची.

सत्तर सालानंतरची ती कुठलीशी दिवाळी. केस वर धरायला अव्वांनी हात उचलले आणि मला त्यांच्या डाव्या स्तनावर खळी दिसली. हात खाली आला की नाहीशी. बोंड आत ओढलेलं, शेजारी टणक गाठ. वर गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी, करडगी, नेमकी तिथंच रुळलेली.

"करडगी घासती तितं. दुखत न्हाय की. तू तेल लाव," अव्वा म्हणाल्या.

घरात सगळ्यांना ते पटलं. आम्हा लिंगायतांत करडगी जन्मभर छातीवर, घट्टा पडायचाच. पण करडगी माझ्याही गळ्यात होती. मी खोलीचं दार लावून आरशासमोर हात वर केले. कुणी पाहिलं असतं तर कवायत वाटली असती. माझ्या कातडीवर काळा वळ होता, खळी नव्हती. घासून कातडी काळी पडते, आत ओढली जात नाही. एवढं मलासुद्धा कळलं.

"अव्वा, उद्या डॉक्टरीणबाईंकडं जायचं."

"ब्याड! नको. ती करडगी काढायला लावंल. मेल्यावरबी काढत न्हाईत आपल्यात."

"मग मी आज जेवत न्हाय."

माझा उपास दुपारच्या चहाच्या वासानं मोडला. हट्ट मोडला नाही. सकाळी टांगा दारात उभा केला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढू नका आजी, हातात धरा." पूजेला घेतात तशी अव्वांनी करडगी तळहातावर घेतली. बाईंनी छाती तपासली, काख तपासली आणि गंभीर झाल्या. "दुखायची वाट बघायची नसते. ही गाठ काढायलाच हवी. आणखी थांबला असतात तर अवघड होतं."

ऑपरेशनला करडगी दंडाला बांधली. घरी आल्यावर अव्वांनी ती परत गळ्यात घातली, सपाट झालेल्या बाजूकडं बघितलं. "आता घास म्हनावं, किती घासतीस ती."

पुढच्या दिवाळीला तेलाची वाटी अव्वांच्याच हातात होती. लेकी-सुनांना एकेक करून न्हाणीत बोलावणं. मी चुलीशी काम असल्याचं सोंग केलं.

"तूबी ये. लई शहाणी लागून गेलीस? हात वर कर."