मधला माणूस कुठं उभा करायचा

आमच्या होसगद्द्याच्या खोऱ्यात माणसाला हाक मारत नाहीत, कू घालतात. घर डोंगराच्या कुशीत, सुपारीची बाग खाली, शेजारी ओढ्यापलीकडं. एवढ्या अंतरावर नाव घेऊन ओरडलं तर ते नाव वाटेतच विरघळतं. ‘कूऽऽ’ मात्र पोफळींच्या शेंड्यांवरून घसरत बरोबर पोचते. पण खोरं जिथं वळतं तिथं कूसुद्धा अडते. मग त्या वळणावर, फणसाखाली, एक माणूस उभा करायचा. त्यानं इकडचं ऐकायचं आणि तिकडं पोचवायचं.

विघ्नेश्वर हेगडे लहानपणी हाच मधला माणूस होते. आता सत्तरी ओलांडली, पण आवाज तसाच खणखणीत, आणि गोष्टी तर काय विचारता! सुपारीच्या एका खांडात एक गोष्ट, असा त्यांचा हिशेब. त्यांना एकच दुःख होतं, तेही सगळ्या खोऱ्याचंच. पोरं बेंगळुरूला गेली आणि घरात दोन म्हातारे आणि एक कुत्रं राहिलं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यांचा नरहरी बायकोला, म्हणजे चैत्राला, घेऊन कायमचा परत आला, तेव्हा हेगडे बाजारात दोन इंच उंच होऊन चालायला लागले.

नरहरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “अप्पा, बाग मी बघीन. पण चैत्राची नोकरी इथून चालली तरच राहणं. नाही चालली तर दोघांना परत जावं लागेल.”

“न चालायला काय झालं? मी नेट घेतो!” असं म्हणून हेगड्यांनी नेट घेतलं.

चैत्राचं काम काय, ते त्यांना कधी नीट उमगलं नाही. कुठल्या तरी गावचं औषध कुठल्या तरी दवाखान्यात वेळेवर पोचतंय की नाही, ते ती बसल्या जागी बघते, एवढं ठाऊक होतं. खांबावरून आलेली वायर ओसरीपर्यंतच पुरली, म्हणून राउटर ओसरीवर बसला, आणि राउटरशेजारी चैत्रा बसली. कानात यंत्र, मांडीवर लॅपटॉप.

इथंच माशी शिंकली. ओसरी म्हणजे घराचं तोंड. सुपारीचा दलाल तिथं येतो, भटजी येतात, सोयरे येतात. एकदा ओढ्यापलीकडचे माबला भट आले. नाव महाबळेश्वर, पण एवढं लांब नाव घ्यायला खोऱ्यात वेळ कुणाला आहे? चैत्रा उठली नाही. तोंडानं इंग्रजी चालू, आणि माबलांकडं न बघताच तिनं एक बोट वर केलं. थांबा म्हणून.

माबला खूश झाले. “काय रे विघ्नेशा, पोरीची ऐट! तहसीलदारानंही मला असं थांबवलं नव्हतं.”

माबलांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. हेगड्यांना ते टोमण्यासारखं लागलं. दुसऱ्या दिवशी चैत्राची रवानगी कोठीच्या खोलीमागच्या खोलीत झाली. मधे चार चिरेबंदी भिंती. तिथं नेट तर सोडाच, स्वयंपाकघरातून मारलेली हाकही पोचत नाही.

तेव्हा नरहरीनं शिरसीहून ते यंत्र आणलं, एक्स्टेंडर. साबणाच्या वडीएवढं, थेट सॉकेटात बसणारं. राउटरचं नेट झेलायचं आणि पुढं फेकायचं, एवढंच त्याचं काम. नरहरी म्हणाला, “अप्पा, हे मधोमध लावायचं. मधल्या घरात सॉकेट नाही, पण देवघरातला आहे ना, तो अगदी बरोबर आहे.”

“देवघरात?” हेगडे उभेच राहिले. “अरे, सोवळं म्हणून काही आहे की नाही? महिन्याचे चार दिवस ती मागं बाहेरची होऊन बसणार, आणि तिचं सगळं बोलणं देवाच्या डोक्यावरून ये-जा करणार? माझ्या हयातीत नाही!”

बायको शरावती ताक घुसळत होती. तिनं रवी थांबवली नाही. “देवाच्या डोक्यावर तुम्ही ती लुकलुकणारी चिनी माळ लावलीत, तिला कुणी आंघोळ घातली होती?”

“तुला कळत नाही, तू गप बस.”

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ते यंत्र नेऊन मागच्याच खोलीत लावलं. जिथं नेट पाहिजे तिथंच लावायचं, दिवा अंधारातच लावतात ना, असा त्यांचा रोकडा हिशेब. यंत्रावर दिवा लागला. त्यांनी मोबाइल काढला तर सगळ्या दांड्या वरपर्यंत भरलेल्या! तो मोबाइल त्यांनी घरभर मिरवला.

“मावय्या,” सासऱ्याला चैत्रा हेच म्हणायची, “दांड्या दिसतात, पण नेट येत नाहीये. फक्त गोल फिरतंय.”

“दांड्या भरल्यात आणि नेट नाही? पोट फुगलंय आणि आत जेवण नाही, असं कधी असतं का?”

“असतं की,” शरावती म्हणाली. “तुमचंच बघा, चवळी खाल्ली की.”

सगळे हसले आणि विषय तिथंच बुडाला. चैत्रानं पुन्हा दोनदा सांगून पाहिलं. हेगड्यांनी दोन्ही वेळा मोबाइल तिच्यापुढं धरला. दांड्या भरलेल्या! आता डोळ्यांना दिसतंय ते खरं, की कालची आलेली पोर सांगते ते? त्यांनी मनाशी निकाल देऊन टाकला की हिला ओसरीवरच मिरवायचंय, नेटाचं नुसतं निमित्त. आणि निकाल मनात ठेवणाऱ्यातले ते नव्हेत. सिद्दापूरला पुतणीच्या मुलाची मुंज होती, तिथं जेवणाच्या पंगतीत, अप्पेहुळीचा, म्हणजे कैरीच्या आंबट साराचा, भुरका मारता मारता ते बोलून गेले, “आमच्या सुनेला काम नको आहे हो. यंत्र आणून दिलं तरी रडगाणं चालूच.” पंगत लांब होती. बोलणं शेवटच्या पानापर्यंत पोचलं.

पावसाळा लागला आणि चैत्रानं रडगाणं बंद केलं. हेगड्यांना वाटलं, झाली सुतासारखी सरळ. वर तिनं एक नवीन चांगली सवय लावून घेतली. सकाळची कामं आटोपली की पोफळीच्या विरीची टोपली काखेला मारून ती साकवावरून ओढा ओलांडायची आणि माबलांकडं पानं आणायला जायची. माबलांची पानवेल म्हणजे खोऱ्यातलं अत्तर. जायची सकाळी, यायची दिवे लागताना. “एवढा वेळ?” असं हेगड्यांनी एकदा विचारलं, तर शरावती म्हणाली, “बायकांच्यात बसते, तुमचं काय जातं?” हेगड्यांचं काहीच जात नव्हतं. रोज ताजी पानं मिळत होती. ते जेवण झालं की विडा जमवायचे आणि येईल त्याला सांगायचे, “सून असावी तर अशी. सासऱ्याच्या तोंडाची चव कळते तिला.”

मार्गशीर्षात सुपारी उतरली. आमच्याकडं सोलायला घरटी माणसं येतात. आज तुझ्या अंगणात, उद्या माझ्या. त्या दिवशी पाळी हेगड्यांची होती. मांडवाखाली बाया-पुरुष पाटाच्या विळ्यांवर बसले होते, मधे हिरव्या सुपारीचा ढीग, उन्हं उतरणीला, धने-जिऱ्याच्या कषायाचा वास दरवळत होता. हेगडे रंगात आले होते. त्यांची ती दर वर्षीची गोष्ट निघाली.

“...तर वडिलांनी मला सांगितलं, वळणावर फणसाखाली उभा राहा, मी कू घालून निरोप देईन, तो पलीकडं काकाला पोचव. मी म्हटलं, फणसाखाली जळवा असतात. म्हणून मी काकाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो, सावलीत. आणि घातली की कू! अशी कू, की काका हातातलं टाकून धावत आला. म्हणतो, ‘काय रे, काय निरोप?’ मी म्हटलं, ‘ठाऊक नाही. वडिलांचं इथं ऐकूच येत नाही.’”

मांडव हसला. दर वर्षी हसतो.

“काकानं एक दिली, घरी आल्यावर वडिलांनी दुसरी. पण आता ती कू-बी सगळी संपली हो. आता माझ्या घरात नेट आहे. मागच्या खोलीत जा, उंदीर जातो तिथं जा, दांड्या काठोकाठ!”

विळ्यांचा आवाज एकदम कमी झाला. एक बाई पदरात फिसकली. नरहरी सुपारीच्या ढिगाकडं असा बघत होता की जणू त्यातली एखादी उठून बोलणार आहे. आणि माबलांच्यानं राहवलं नाही.

“अरे विघ्नेशा, मग तुझी सून पावसाळाभर माझ्या गोठ्याच्या माळ्यावर बसून काय करते? माझ्या म्हशींना इंग्रजी शिकवते?”

हशा असा फुटला की बांधलेलं वासरू दचकून उठलं. माबलांनी जीभ चावली. हेगड्यांना सांगायचं नाही असं ते चैत्राजवळ कबूल झाले होते, हे त्यांच्या तोंडावरच दिसलं. ते हळूच म्हणाले, “माझ्याकडं नेट चांगलं आहे, घरातच बसवणार होतो रे. तीच म्हणाली, दुसऱ्याच्या ओसरीवर बसलेली दिसले तर मावय्यांना कमीपणा येईल. म्हणून माळ्यावर, गवतात.”

हेगडे हसायला गेले, तर तोंडात विडा होता. माबलांच्याच वेलीचा, तिनंच आणलेला. साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. सिद्दापूरच्या पंगतीत बसलेल्या बाया इथंही बसल्या होत्या. त्यांनी तेव्हा ते बोलणं ऐकून घेतलं होतं आणि पानावरचा भात कालवला होता. पावसाळाभर आपण आपल्याच अब्रूचा विडा चघळत होतो. थुंकावा तर सगळे बघणार. त्यांनी तो गिळला.

“दिवे लागायची वेळ झाली,” शरावती दारातून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, तेच फार लागलं. “तिला कू घाला.”

हेगडे अंगणाच्या कडेला गेले. “कूऽऽ!” उत्तर नाही. ते पायवाटेनं खाली उतरले, पुन्हा घातली, पुन्हा काही नाही. मागं मांडवात कुजबुज चालली होती. तिच्यापासून लांब जायला बरं वाटलं. असे ते वळणावर, फणसापाशी पोचले. तिथून घातलेली कू पलीकडं गेली आणि लगेच चैत्राची बारीक कू परत आली. आणि त्याच क्षणी मागून, घरून, शरावतीची कूही ऐकू आली. दोन्हीकडचं ऐकू येणारी जागा.

म्हातारा तिथंच दगडावर टेकला. जळवा असतील तर असोत. आत्ता मांडवात सांगून आलेली स्वतःची गोष्ट त्यांना आता समजली. त्या खोलीत दिवा होता, दांड्या होत्या, खणखणीत कू होती. निरोप मात्र नव्हता. मधल्या माणसालाच काही ऐकू येत नव्हतं. आणि त्याला तिथं उभं करणारा जो, त्यानं उलट सुनेलाच बहिरी ठरवलं.

चैत्रा साकवावरून आली. टोपलीत वर पानं, खाली टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. केसांत गवताची काडी. सासऱ्याला वळणावर बसलेलं पाहून ती थबकली.

“पानं आणली, मावय्या.”

“पानं राहू दे. खालचं काय आहे ते माझ्याकडं दे.”

पानं बाजूला सारून तिनं लॅपटॉप दिला.

“कंपनीचं काय म्हणणं आहे?” त्यांनी चालता चालता विचारलं.

“नव्या वर्षी तपासणार. घरातून नेट धड नसेल तर ऑफिसात येऊन बसायचं.” थोडं थांबून ती म्हणाली, “माळा म्हणजे घर नव्हे ना. म्हशी ऐकू जातात त्यांना.”

हेगडे तो लॅपटॉप दोन्ही हातांत नैवेद्याच्या ताटासारखा धरून साऱ्या मांडवामधून चालत गेले. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्यांना सोपं गेलं असतं.

विहिरीवर दोन बादल्या डोक्यावर ओतल्या, सोवळं नेसले आणि मागच्या खोलीतून ते यंत्र काढून देवघरात आले. चिनी माळेची पिन काढली. सॉकेट रिकामा झाला. मग उंबऱ्याबाहेर पावलं वाजली. चैत्रा दोन हात लांब, भिंतीला न टेकता उभी होती.

“मावय्या, मी आज बाहेरची आहे. चार दिवसांनी लावायचं असेल तर थांबते.”

हेगड्यांचा हात तसाच राहिला. ते चार दिवसांचं बोलणं त्यांनी नरहरीशी केलं होतं, तिच्याशी नाही. म्हणजे चार चिऱ्याच्या भिंतींतून नेट जात नव्हतं, पण त्यांचं बोलणं गेलं होतं. उन्हाळ्यात या घरात आलेली पोर, सासऱ्यापुढं जे कधी बोलू नये ते तिला उंबऱ्याशी उभं राहून मोठ्यानं बोलावं लागत होतं. देवाला नव्हे, त्यांना भिऊन.

ओल्या अंगाला थंडी वाजत होती, आणि कान मात्र भाजत होते. मान वळवून तिच्याकडं बघवेना, म्हणून त्यांनी देवाकडंच पाहिलं. देवाचं काही म्हणणं दिसलं नाही.

त्यांनी यंत्र सॉकेटात दाबलं. दिवा आधी लाल झाला, मग लुकलुकला, मग हिरवा झाला आणि स्थिर राहिला.

“मागं जाऊन बघ,” ते देवाकडं तोंड करूनच म्हणाले. “दांड्या बघू नकोस. निरोप येतो का ते बघ.”

चैत्रा गेली. हेगड्यांनी कान लावला. मग मागच्या खोलीतून, त्या चारी भिंतींपलीकडून, अगदी बारीक कू आली.

हेगड्यांनी उलट कू घालायला तोंड उघडलं. मग ते मिटून देवापुढं हात जोडले. मांडवातून विळ्यांची करकर पुन्हा सुरू झाली होती आणि कुणीतरी म्हणत होतं, विघ्नेशण्णा कुठं गेले, पुढची गोष्ट सांगा म्हणावं.