माझं पोट आणि कनुभाईंची अब्रू

आमच्या सोसायटीचा दूधवाला मी केवळ माझ्या पोटाच्या साक्षीवरून काढून टाकला.

त्या वर्षी मी कारेलीबागेतल्या आमच्या बावीस घरांच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. (दुसरं कोणी तयार नव्हतं, हे मागाहून कळलं.) रोज सकाळी पेलाभर दूध घ्यायचं आणि अर्ध्या तासात पोटात असं गुडगुडायला लागायचं की ऑफिसची बस चुकायची! बायको-मुलगी तेच दूध पिऊन ठणठणीत. पण सेक्रेटरीचं पोट खोटं कसं बोलेल? मी फळ्यावर लिहिलं : 'कनुभाईंचे दूध भेसळीचे आहे. उद्यापासून बंद.'

वीस वर्षं हरणी गावाहून दूध आणणारे कनुभाई जिन्यातच उभे राहिले. "साहेब, मारा दूधमां टीपुंय पाणी नथी! मारी भेंसना सम!"

"म्हशीची शपथ कसली घेता? तिला मध्ये आणू नका!" मी गरजलो.

बावीस घरांत पिशवीचं दूध सुरू झालं. माझं पोट गुडगुडतच राहिलं! शेवटी सुलभानं, म्हणजे बायकोनं, मला डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यांनी आठ दिवस दूध बंद करवलं. पोट गप्प. मग पुन्हा पेलाभर प्यायला लावलं. पोट सुरू!

"दुधात काही नाही हो," डॉक्टर म्हणाले. "दुधातली साखर तुम्हाला पचत नाही. वय वाढलं की पुष्कळांचं असं होतं. ताक-दही थोडं थोडं घेऊन बघा. दूध, बासुंदी बंद."

"मला पचत नाही? अहो, माझे आजोबा तांब्यानं दूध प्यायचे!"

"आजोबांना पचत होतं. तुम्हाला पचत नाही."

काय हा उद्धटपणा! घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. सुलभा मात्र थंड होती.

"आधी कनुभाईंची माफी मागा. बावीस घरं गेली त्यांची. चोर ठरवलंत बिचाऱ्याला!"

रविवारी आम्ही स्कूटरवरून हरणीला गेलो. गोठ्यापुढे खाटेवर बसून मी शब्द जुळवतोय, तोच कनुभाईंनी गरम दुधाचा भलामोठा पितळी पेला पुढे केला. "दूध चोखुं छे ने? तो पीओ, साहेब!"

त्यांचे भाऊ, वहिन्या, शेजारी, सगळे बघत होते. नाही म्हणावं तर भेसळीचा आरोप कायम. प्यावं तर... प्यायलो! सुलभानं कपाळाला हात लावला. "उद्यापासून या," असं कनुभाईंना कसंबसं सांगून मी स्कूटरला किक मारली.

"सावकाश चालवा!" सुलभा मागून ओरडत होती.

"सावकाश जाणं आता माझ्या हातात नाही!"

सोसायटीत शिरताच सुलभाच्या हाती स्कूटर सोपवून मी जिन्याकडे धूम ठोकली. खालच्या पटेलबेननी पाहिलं. "शुं थयुं?" त्यांनी विचारलं. सुलभा बापडी खरं बोलली, "कनुभाईंकडे दूध प्यायले."

झालं! चहाच्या वेळेपर्यंत भेसळ पुराव्यानिशी सिद्ध झाली होती. सकाळी कनुभाई कॅन घेऊन आले, तर एकही दार उघडेना.

मग मात्र ते अंगणात उभे राहून गरजले, "पाणी नाख्युं होत तो साहेबने आटली तकलीफ थात ज नहीं!"

पाणी घातलं असतं तर मला एवढा त्रासच झाला नसता! आणि माझ्या संतापाची परिसीमा म्हणजे, हे अगदी शास्त्राला धरून होतं!

सुलभानं माझ्या हातात खडू दिला. बावीस घरांच्या देखत मी फळ्यावर लिहिलं : 'कनुभाईंचे दूध चोख आहे. पोट सेक्रेटरीचे बिघडलेले आहे.' खाली सही केली. माझी लाज गेली, पण दारं उघडली.

कनुभाई मोठ्या मनाचे. तेव्हापासून रोज माझ्यासाठी घरचं ताक आणतात. आयुष्यात ज्या माणसानं दुधात थेंबभर पाणी घातलं नाही, तो माझ्या ताकात मात्र, पोटाचा विचार करून, तांब्याभर पाणी ओततो. आणि मी उभा राहून म्हणतो, "अजून थोडं घाला!"