डॉक्टरांच्या कबरीचा कंपाउंडर

गरिबांना फुकट तपासणारे एक कॅथलिक डॉक्टर सोलापुरात होऊन गेले. आता लोक त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावून दुखणी सांगतात, आणि त्यांचा म्हातारा कंपाउंडर शेजारी स्टूल टाकून सगळ्यांना नंबर देतो. दुपारी एक ते दोन कुणालाच कबरीजवळ सोडत नाही. साहेबांची जेवणाची वेळ असते.

मी आठवीतून शाळा सोडून गडचिरोलीहून इथल्या टॉवेल कारखान्यात आलेलो. कुत्रं चावलं तेव्हा सुईच्या भीतीनं दवाखाना टाळून मेणबत्ती घेऊन तिथं गेलो.

कंपाउंडरनं माझी पोटरी पाहिली आणि कबरीकडे कान केला. "सायेब इंजेक्शन सांगत्यात."

"मेणबत्तीवर नाही भागणार?"

"सायबांनी लई जणांना फुकट बरं केलं, पर औषधाबिगर एकालाबी न्हाय. चला."

सरकारी दवाखान्यात तो माझं मनगट धरून उभा राहिला. मला वाटलं धीर देतोय. तो नाडी मोजत होता. तरी या परक्या गावात माझा हात धरणारा तो पहिलाच.

सगळी इंजेक्शनं संपल्यावर मी आभाराची मेणबत्ती घेऊन गेलो. त्यानं मला खालीवर न्याहाळलं.

"बरं झाल्याल्या माणसाचं हितं काय काम? उगं गर्दी करू नगा."