गुलाबी औषधाची गिऱ्हाइकं

नव्वदच्या दशकात इंदापूरच्या स्टँडसमोर माझं मेडिकल होतं. औषधाच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणसं गोळ्या घेऊन जातात आणि किस्से ठेवून जातात. त्यात ॲसिडिटीवाले सगळ्यात पुढं!

वरकुट्याचे तात्या पूर्वी मेंढरं राखायचे, मग शेतीत रमले. त्यांना गोळ्या दिल्या, चावून खा म्हटलं. आठवड्यानं आले ते जळजळ वाढल्याची तक्रार घेऊनच. तोंडात दात नव्हते, म्हणून म्हातारी गोळी कुटून द्यायची. कशात कुटते, विचारलं.

"ठेच्याच्या खलात. दुसरा खल कुठं हाय?"

बारामती गाडीवरच्या एका ड्रायव्हरला सांगितलं, बाटली हलवून मग औषध घ्या. त्यांनी ती खिशात टाकली. "गाडी सुरू केली की हलतीयच."

भाजीपाल्याचा टेम्पो घेऊन येणारे बापूराव एकदा छाती जळतीय म्हणत आले. अंगाला घाम, डावा हात जड. मी गोळी दिलीच नाही, स्कूटरवर बसवून थेट डॉक्टरांकडं नेलं. वाटभर ते चिडलेले. हार्टचं निघालं. महिन्यानं पेरूची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "गोळी दिली असती, तर पेरू मिळालं नसतं तुमाला."

आणि आबा. बायको गेलेली, घरात मुलगा आणि नवी सून, सुप्याकडची. जेवणानंतर छातीत आग व्हायची. मी त्यांना गुलाबी पातळ औषध दिलं. दुधावर साय धरते तसा पोटात थर धरतं, जळजळ वर येऊ देत नाही, असं समजावलं. त्यांनी बाटली धोतराच्या सोग्यात लपवली. पोरीला वाटेल, सासऱ्याला आपल्या हातचं सोसत नाही, म्हणून घरी कळू देऊ नका म्हणाले.

थोड्या दिवसांनी सून एकटी आली. तिलाही तेच औषध हवं होतं. मामांना झणझणीत आवडतं म्हणून तसं करते, पण मला सोसत नाही, त्यांना सांगू नका म्हणाली.

दोघांचं गुपित मी बरेच दिवस सांभाळलं. मग एका बाजारच्या दिवशी दोघं बरोबरच दुकानात आले. कुणीच काही मागेना. मी काउंटरवर दोन बाटल्या ठेवल्या.

आबांनी बाटल्यांकडं बघितलं, मग सुनेकडं. ती पदर तोंडाला लावून उभी.

"सूनबाई," आबा म्हणाले, "आज मुगाची खिचडी टाक."

"व्हय मामा. मिरची न्हाय घालत."