खोडलेलं झिंक

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाला एक अनोळखी क्षार मिळतो. चिमूटभर पूड कशाची आहे ते तीन तासांत शोधायचं असतं. आमच्या कॉलेजात मात्र पाच मिनिटांत उरकायची सोय होती. प्रयोगशाळेतच केस पिकलेले शिपाईमामा क्षारांच्या बाटल्या भरायचे आणि टेबलाजवळून जाताना हळूच उत्तर सांगायचे.

मला सात नंबरची बाटली आली. आत पांढरी पूड. निळी आली असती तर रंगावरूनच निम्मं काम झालं असतं. मामा पाणी ठेवायच्या निमित्तानं आले आणि पुटपुटले, "सात न्हवं? झिंक सल्फेट हाय. लिव बिनधास्त."

मी लिहिलं. आधी निष्कर्ष, मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं. जे जे दिसायला हवं ते सगळं मला दिसलं, परीक्षानळी ओली न करता.

तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक टेबलांमधून फिरायला लागले. कोरडी नळी घेऊन उभं राहणं बरं दिसेना. म्हणून थोडी पूड घेतली, तीत सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं आणि बर्नरवर धरलं. नाकात असा भपका गेला की डोळ्यांतून पाणी आलं. वास ओळखीचा होता. आमच्या घरी चार म्हशी. सकाळी गोठ्याचं दार उघडलं की हाच वास समोर येतो. अमोनिया. झिंकला कुठला यायला तो?

मी मामांकडे बघितलं. त्यांनी लांबूनच मान हलवली, लिव म्हणून. एकीकडे त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव, एकीकडे माझं नाक. ओला लाल लिटमस नळीच्या तोंडाशी धरला, तो निळा झाला. दुसऱ्या नळीत पूड विरघळवून सिल्व्हर नायट्रेट घातलं तर दह्यासारखा पांढरा साका. म्हणजे क्लोराइड. सल्फेटही गेलं. मी सगळं खोडून अमोनियम क्लोराइड लिहिलं. पान नांगरल्यासारखं दिसायला लागलं.

तोंडी परीक्षेला परीक्षकांनी तेच पान समोर धरलं.

"एवढं का खोडलंस?"

"चुकलं होतं, सर."

"आणि अमोनिया कशावरून ओळखलास?"

लिटमस म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "सर, आमच्या गोठ्यात असाच वास येतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती जनावरं?"

"चार म्हशी."

"गोठा कोण झाडतं?"

"मीच."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

मी बाहेर आले तर चार-पाच जणांनी मामांना घेरलं होतं. परीक्षकांनी सकाळी येऊन बाटल्यांवरचे नंबर स्वतःच बदलले होते आणि मामांना पत्ता नव्हता. सगळ्यांचे क्षार चुकले होते.

"मला काय म्हाईत?" मामा म्हणत होते. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "तू काय लिवलंस?"

"अमोनियम क्लोराइड."

"बरोबर आलं?"

"आलं."

मामांना खरंच वाईट वाटलं होतं.

"मग मला येऊन सांगायचंस की," ते म्हणाले. "बाकीच्यास्नी तरी सांगितलं असतं."