दाखला सहीनंतर

पेनाचं टोपण ते पेनामागे लावत नसत, डाव्या मुठीत धरून ठेवत. चष्मा पुसायचे तो शर्टाच्या आतल्या बाजूनं. शिक्का आधी रद्दी कागदावर उठवून बघायचे. कुणी आत आलं की त्याच्या चपलांकडे नजर टाकून म्हणायचे, "लांबून आलात." सगळ्या खोलीभर कागदांचे गठ्ठे, समोरची एक खुर्ची तेवढी रिकामी. तिच्यावर ते काही ठेवू देत नसत.

मी त्यांच्या ऑफिसच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. आमच्या वयात पिढीपेक्षा जास्त अंतर. मैत्री जुळली ती एवढ्याचसाठी, की रविवारी दोघांनाही कुठे जायचं नसायचं.

काका नोटरी होते. गल्लीत त्यांना 'आधीमग' म्हणत. येईल त्याला ते ऐकवायचे: आधी वहीत नोंद, मग सही, मग दाखला. ओळखपत्र बघायचं, माणूस समोर असताना नोंदवहीत लिहायचं, त्याला सही करू द्यायची आणि तिथल्या तिथे सहीखाली दाखला लिहायचा, की अमुक यांनी आज माझ्यासमोर सही केली. तो आदल्या दिवशी भरून ठेवायचा नाही आणि मागाहून आठवूनही लिहायचा नाही. पलीकडचा नोटरी दाखल्यांवर सकाळीच शिक्के मारून ठेवी. रांग त्याच्याकडे असे.

"तुम्हीही ठेवा की. कोण बघतंय?" मी एकदा म्हटलं.

"मी बघतोय ना. घडलंच नाही ते घडलं म्हणून लिहायचं? ते तुमच्या कथाकादंबऱ्यांत."

ती रिकामी खुर्ची बाइंडरची. शाळेपासूनचा मित्र, पुस्तकबांधणीचं दुकान चौकात. रोज डबा घेऊन इथेच यायचा. एके सकाळी तो धावत आला. परगावी त्याला वाढवणारी सावत्र आई अत्यवस्थ होती. तिचं राहतं घर ती मृत्युपत्रानं त्याच्या नावे करणार होती.

"दाखला आत्ताच भरून दे. पोचलो की तिची सही घेतो."

"दुपारी कोर्टातून सुटलो की मीच येतो. तिथं भरतो."

काका संध्याकाळी पोचले. आई त्याआधीच गेली होती. घर सावत्र भावांकडे गेलं. बाइंडर त्यानंतर त्या खुर्चीत बसला नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूला जायचा.

"चुकलं असं वाटतं का?" मी विचारलं होतं.

"नाही. तेच तर जड जातं."

गेल्या महिन्यात बाइंडरची भाची ऑफिसात आली. मामांना अर्धांगाचा झटका आला होता. दुकान चालवायचा अधिकार तिला देणारा कागद करायचा होता.

"पलीकडचा करेल की घरी येऊन," काका म्हणाले.

"मामा म्हणतात, आधीमगच हवा."

काकांनी घरी जाऊन शर्ट बदलला. मला म्हणाले, "चल. एकट्यानं जमणार नाही मला."

खोलीत खळीचा वास होता. बाइंडर उशीला टेकून बसला होता.

"आलास? आज गाडी लवकर मिळाली वाटतं."

काकांनी मान खाली घातली. "ओळखपत्र दाखव."

"अरे गाढवा, तुझ्यापायी तुझ्या बापाचा मार खाल्लाय मी! आणि मलाच ओळखपत्र?"

"दाखव."

भाचीला हसू आवरेना. शेवटी बाइंडरही हसला. काकांनी नोंद केली, वही मिटली, कागद पुढे केला. बाइंडरनं डाव्या हातानं सही केली. फार वेळ लागला. काकांनी घाई केली नाही.

"लिही आता," बाइंडर म्हणाला. "आता घडलंय."

काका लिहू लागले. मग पेन थांबलं. त्यांनी डोकं गादीच्या कडेला टेकलं, बाइंडरच्या हाताशेजारी. आम्हाला वाटलं, रडतायत. बाइंडर त्यांच्या केसांतून बोटं फिरवत राहिला.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मला अजून काही नीट सुचत नाही. खालच्या ऑफिसला कुलूप आहे आणि मी जिना उतरताना तिथे थांबते.

काही दिवसांनी पलीकडचा नोटरी बाइंडरकडे आला. मीही तिथेच होते. कागद पाहून तो म्हणाला, "सही तर आहेच. बाकीचं मी भरून देतो, दोन मिनिटांत."

"तू होतास इथं?" बाइंडरनं विचारलं.

"नव्हतो, पण..."

"मग काय लिहिशील?"

भाचीनं नवा कागद आणला. बाइंडरनं त्या नोटरीला वही उघडायला लावली, नोंद लिहून होईपर्यंत पेनाला हात लावला नाही. मग डाव्या हातानं पुन्हा सही केली. दुकानाचं काम झालं.

जुना कागद त्यानं कुणाला दिला नाही. तो त्याच्या उशाशी आहे. त्यावर त्याची वाकडी सही आहे आणि खाली काकांच्या अक्षरात 'यांनी आज माझ्यासमोर'. पुढची जागा कोरी आहे.